मानाचा पहिला धक्का

आमच्या घरी मोटार आली ती पान्यांमुळं. असं सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी आधीच सांगून मोकळी होते. माझे बाबा एसटीच्या कार्यशाळेत मिस्त्री होते. हिंगोलीच्या आठवडी बाजारात एका भंगारवाल्याच्या पोत्यावर त्यांना पान्यांचा जुना संच दिसला. पाने विलायती, इंची मापाचे. एसटीचे नट मिलिमीटरचे, त्यामुळं त्यातला एक पाना ढिला व्हायचा, तर दुसरा नटात शिरायचाच नाही. तरी बाबांनी संच घेतला, कारण पोलाद चांगलं होतं. पुढं दोन वर्षं ते त्या पान्यांना बसेल असा नट शोधत हिंडले. पाहुण्यांकडं गेले तरी पिशवीत पाने. आई म्हणायची, लोक पोरीसाठी स्थळ बघतात, हा माणूस पान्यासाठी नट बघून राहिला.

नट सापडला तो हिंगोलीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली. तिथं एक लहानशी विलायती मोटार उभी होती, मायनर म्हणायचे तिला. दोन दारं, बटबटीत डोळे, आणि पाठ अशी की पातेलं पालथं घातलंय. डॉक्टरांच्या वडिलांनी ती तरुणपणी हैदराबादहून आणली होती आणि आता तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. शहरातल्या एकाही मिस्त्रीला तिचा नट उघडता येत नव्हता. डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडं निघाले होते. ते बाबांना म्हणाले, चाक काढून दाखवा आणि गाडी घेऊन जा. बाबांनी पिशवीतून पाना काढला. नालासाठी घोडं म्हणतात ते आमच्याकडं खरंच घडलं. फरक एवढाच की घोडं फुकट मिळालं आणि आयुष्यभर खात राहिलं.

औंढ्याच्या रस्त्याला आमचं गाव. बैलांनी ओढत ती गावात आणली आणि गोठ्यात म्हशीशेजारी उभी केली. तिचं सगळंच उलटं. जगातल्या गाड्यांत बॅटरीची उणे बाजू गाडीच्या अंगाला जोडतात, हिची अधिक बाजू जोडायची. वळताना दिवा लुकलुकायचा नाही, दारामागच्या खाचेतून केशरी रंगाचा एक हात बाहेर यायचा, आणि एकदा आला की बुक्की मारल्याशिवाय आत जायचा नाही. चालू करताना आधी चावी फिरवायची, मग एक गुंडी बाहेर ओढायची. गुंडी ओढली की ती गुरगुरायची आणि मनात असलं तर चालू व्हायची. बाबा तिच्याशी कधी चिडून बोलले नाहीत. तो राग माझ्यासाठी राखून ठेवलेला असायचा.

ती गावाबाहेर फारशी गेलीच नाही. तिचं काम एकच, लग्न लागलं की नवरा-नवरीला विहारापासून फाट्यापर्यंत दीड किलोमीटर पोचवायचं. फाट्यावर वऱ्हाडाची जीप उभी असायची.

पहिला नंबर माझ्या लग्नाचा लागला. बाबांनी गुंडी ओढली आणि गाडी एका झटक्यात चालू झाली. बाबांची मान ताठ. ते लग्न अडीच वर्षं टिकलं. सव्वा वर्षाच्या लेकीला कडेवर घेऊन मी त्याच फाट्यावर एसटीतून उतरले आणि चालत घरी आले. त्या अडीच वर्षांबद्दल मी इथं लिहिणार नाही. तेवढी त्यांची लायकी नाही.

दुसरं लग्न काकांच्या मोठ्या मुलीचं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, घर आमच्या भिंतीला भिंत लावून, हळदीचे शेतकरी. त्या दिवशी गाडी काही केल्या चालू होईना. काकांनी बाह्या सावरल्या, मागून खांदा लावला, आणि एका धक्क्यात गाडी चालू झाली. त्या मुलीला पुढं जुळी पोरं झाली, जावयाला नोकरी लागली, सासूनं स्वतःहून किल्ल्या दिल्या. गावानं दोन्ही लग्नं शेजारी शेजारी ठेवून बघितली आणि निकाल दिला, गाडीला धक्का लागला पाहिजे.

आमच्या घरात मुहूर्त नाही, कुंडली नाही. मांजर आडवं गेलं तर बाबा मांजराला वाट देतात, एवढंच. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले, लग्न लागलं. त्यामुळं धक्क्याचं प्रस्थ वाढायला लागलं तेव्हा मी बाबांना विचारलं की हा शकुनच नव्हे का. ते म्हणाले, शकुन न्हाई, ही यांत्रिक बाब हाय. मग काय, यांत्रिक बाब वाढत गेली. गाडी हाकायचा मान बाबांचा आणि मागून पहिला धक्का द्यायचा मान काकांचा. धक्का दिल्यावर काकांना टॉवेल-टोपी. एका लग्नात गाडी धक्क्याआधीच चालू झाली, तर नवरीच्या मामानं ती बंद करायला लावली. पुढं पुढं लोक लग्नपत्रिकेतच छापायला लागले, ‘प्रथम धक्का’, आणि खाली काकांचं नाव. आमदार आले तर त्यांचं नाव त्याच्या खाली.

आणि मग अकरा वर्षांपूर्वी काकांच्या धाकट्या मुलीचं लग्न आलं.

बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. पुतणीला काय द्यावं हे त्यांना सुचत नव्हतं. त्यांना एकच गोष्ट चांगली येत होती, ती त्यांनी द्यायचं ठरवलं. पंधरा दिवस ते गोठ्यात गाडीखाली होते. म्हशीनं दूध कमी केलं. लग्नाच्या दिवशी काका पांढराशुभ्र सदरा-पायजमा घालून गाडीमागं उभे राहिले, दोन्ही तळवे डिकीवर, पाय मातीत रोवलेले, अंगाचा सगळा भार पुढं. बाबांनी गुंडी ओढली. गाडी गुरगुरलीही नाही, सरळ निघून गेली. काका होते तसेच आडवे झाले, तोंड मातीत, सगळ्या व्याह्यांसमोर. लोक हसले. मीही हसले. मला ते आजही सलतं, पण हसले हे खरं आहे.

बाबा नवरा-नवरीला पोचवून परत आले तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता की कुणी त्यांना काही सांगायच्या आधीच काका पुढं झाले. सदऱ्यावर माती तशीच. म्हणाले, “तुह्या पोरीचं झालं तसं माह्या पोरीचं व्हावं, हेच पाहिजे व्हतं का तुला?”

मी तिथंच उभी होते, लेकीचा हात धरून. बाबांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग गाडी गोठ्यात लावली, पाने पुसून पिशवीत ठेवले, आणि त्या दिवसापासून ते काकांशी बोलले नाहीत. गावाला वाटतं की धक्क्यावरून अबोला झाला. धक्क्यावरून बाबा आठवडाभर रुसले असते. अबोला झाला तो त्या वाक्यात मी आले म्हणून.

काकांच्या धाकट्या मुलीचं पुढं सगळं छान झालं, हेही सांगायला हवं. दोन लेकरं आहेत, नवरा सालस आहे. म्हणजे धक्क्याला काही अर्थ नव्हता हे सिद्ध झालं होतं. पण ते कबूल करायचं तर दोघांना एकमेकांशी बोलावं लागलं असतं.

बोलत नव्हते, बाकी सगळं चालू होतं. दर वर्षी हळद निघाली की काका आमच्या भिंतीवर एक टोपलं ठेवायचे. कुणासाठी ते सांगायचे नाहीत. बाबा काकांचा फवारणीचा पंप भिंतीवरून उचलायचे, दुरुस्त करायचे आणि परत भिंतीवर ठेवायचे. काकांना काही सांगायचं असलं की ते त्यांच्या बैलाला मोठ्यानं सांगायचे, नळाला आज पाणी येणार न्हाई रे. बाबा बैलाचं ऐकून हंडे भरून ठेवायचे. मधल्या काळात आई गेली. तेव्हाही काका तिरडीला पुढं होते, आणि बाबांशी एक शब्द नाही. मला त्या दोघांचा इतका संताप यायचा की वाटायचं ती भिंतच पाडून टाकावी.

यंदा उन्हाळ्यात माझ्या लेकीचं लग्न ठरलं. ती नांदेडला दवाखान्यात परिचारिका आहे, मुलगाही तिथलाच. तिनं एकच अट घातली, की फाट्यापर्यंत आजोबांच्या गाडीतूनच जाणार. बाबांचं वय झालं, गुडघा वाकत नाही, डोळ्यांत मोतीबिंदू. ते गाडी हाकणार ही शेवटचीच वेळ, हे त्यांनाही माहीत होतं. काका पासष्टीच्या पुढं. मला त्या लग्नात दागिने नको होते, मानपान नको होता. हे दोघे माझ्यावरून गप्प झाले होते, त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत एकदा बोलावं, एवढंच मला हवं होतं.

पत्रिकेत मी ‘प्रथम धक्का’ छापून घेतलं, नवरीचे धाकटे आजोबा म्हणून. छापणाऱ्यानं विचारलं की हा काय प्रकार. मी म्हटलं, तू छाप. पत्रिका घेऊन काकांकडं गेले. ते शेडमध्ये बेण्याची हळद झाकून ठेवत होते. त्यांनी पत्रिका लांब धरून वाचली, दोनदा वाचली, आणि म्हणाले की येतो, पण गाडी आपोआप चालू झाली तर काय? या वयात पडलो तर खुबा जाईल. मी म्हटलं, नाही होणार चालू. ते म्हणाले, तुह्या बापाचा भरोसा काय. मी माझ्या लेकीची शपथ घेतली. शपथ घेणं आमच्या घरात बसत नाही, पण वेळ तशी होती.

घरी आले तर बाबा गाडीखाली. प्लग घासून चकचकीत केलेले, वायरी नव्या, बॅटरी नवी. मी सरळ सांगितलं की या वेळी गाडी चालू झालेली मला चालणार नाही. ते गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, “चाळीस वर्षं मी गाड्या चालू केल्या. चालू गाडी बंद पाडायचं मला कुणी शिकवलं न्हाई, आन आता शिकणार न्हाई.” मग परत खाली गेले. मी त्यांच्या पायांशी बराच वेळ बोलले. पाय काही म्हणाले नाहीत.

लहानपणापासून मी त्यांना पाने देत आले होते. गुंडी ओढली की जी मोटर फिरून इंजिन गुरगुरतं, तिची जाड वायर कुठं आहे हे मला ठाऊक होतं. लग्नाच्या सकाळी बाबा दाढी करत असताना मी अर्ध्या इंचाचा पाना घेतला, ती वायर सोडवली, टोकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि आत खोचून दिली. आता गुंडी ओढली तर काही होणार नव्हतं, पण मागून ढकलून गियर टाकला की गाडी चालू होणारच होती. बरोबर एक धक्का लागेल इतकी ती बिघडली होती. मला स्वतःचा अभिमान वाटला. नेसायच्या पांढऱ्या साडीला ग्रीस लागलं ते मागाहून कळलं.

लग्न लागलं. जेवणं झाली. ऊन उतरल्यावर झेंडूच्या माळा घातलेली मायनर पोरांनी गोठ्यातून ढकलतच विहारासमोर आणून ठेवली होती. काका आले, पांढरा सदरा, नवाच. ते बराच वेळ गाडीमागं घुटमळत होते, उकिडवे बसले, उठले. मला वाटलं, पडायची जागा तपासून बघत असतील. नवरा-नवरीला मागच्या सीटवर बसवलं. पुढं बाबांच्या शेजारच्या सीटवर आहेराची भांडी रचली. दोनच दारं, त्यामुळं भांडी काढल्याशिवाय किंवा बाबांना उठवल्याशिवाय ती दोघं बाहेर येऊ शकत नव्हती. बाबा बसले, कोट घालून. मागं काकांनी तळवे टेकवले, पण अंगाचा भार मागं ठेवून, चावरं कुत्रं कुरवाळावं तसे. फोटोवाल्यानं नेमका त्याच वेळी ड्रोन उडवला आणि तो गाडीच्या मागं, काकांच्या डोक्यावर आणून ठेवला.

बाबांनी गुंडी ओढली. आवाजच नाही. बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांना राग यायला हवा होता. ते चकित झाले होते. त्यांनी गुंडी पुन्हा ओढली, तिच्याकडं निरखून बघितलं, आणि समोर बघत बसले.

टाळ्या झाल्या. काकांनी धक्का दिला. मागून आणखी सहा-सात जण लागले, गाडी पळायला लागली, बाबांनी क्लच सोडला, गाडीनं गचका खाल्ला आणि थांबली. पुन्हा ढकलली. पुन्हा गचका. तिसऱ्यांदा आहेरातला हंडा नवरदेवाच्या डोक्यावर आला. मला वाटलं, मी चुकीची वायर सोडली. बँडवाले पुढं होते, त्यांना मागचं काही कळलं नाही. ते वाजवत वाजवत फाट्याला पोचले.

काकांचा चेहरा माझ्याहून वाईट झाला होता. ते सारखे खाली सायलेन्सरकडं बघत आणि मग वर ड्रोनकडं बघत. चौथ्या गचक्यानंतर ते हात झटकून गाडीला वळसा घालून पुढं गेले, बाबांच्या खिडकीशी उभे राहिले. कुणीतरी पोराच्या तोंडावर हात ठेवला.

“दादा,” काका म्हणाले, “चावी लावली का?”

बाबा समोर बघत होते. “लावली,” म्हणाले.

अकरा वर्षांनी माझ्या बापाच्या आणि काकाच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, लेक जातेय म्हणून रडतेय.

काका म्हणाले, गेर? बाबा म्हणाले, दुसऱ्यात हाय. पेट्रोल? परवाच टाकलं. मग क्लच हळू सोड, झटक्यात सोडतोस तू. हळूच सोडतो, तुमीच जोरात ढकलून राहिले. असं करत गाडी पुढं चालली. वळणावर केशरी हात बाहेर आला नाही. मी म्हटलं, अडकला असेल, नेहमीचंच आहे. नवरदेवानं खिडकीतून विचारलं की मी उतरून ढकलू का. सगळे एका सुरात नाही म्हणाले. आणि भांडी कोण काढणार?

रस्त्याखालून ओढा जातो त्या मोरीपाशी सगळे दमून थांबले. ढकलणारे पाणी प्यायला शेतातल्या बोअरवर गेले. मी गाडीमागं उकिडवी बसले, गुडघे दुखत होते म्हणून, आणि समोर मला सायलेन्सरच्या नळीत काहीतरी पिवळं दिसलं. बोट घालून बघितलं. हळदीचा गड्डा. बेण्यासाठी राखतात तो मधला, मुठीएवढा, वरून फडकं गुंडाळून गच्च ठोकलेला. असलं बेणं आमच्या वाटेवर एकाच्याच शेडमध्ये होतं. म्हणजे काकांनी माझ्या शपथेवरही भरोसा ठेवला नव्हता. गाडी आपोआप चालू होऊ नये म्हणून त्यांनी तिचा श्वासच बंद केला होता, आणि धक्क्याच्या वेळी हळूच काढून घेऊ म्हणत होते, तर वर ड्रोन.

मी गड्डा नखानं उकरायला घेतला. तो थोडा हललाही. आता एक धक्का आणि गाडी चालू. तेवढ्यात पुढून काकांचा आवाज आला. ते खिडकीला टेकून दम खात होते.

“तवा तुह्या पोरीबद्दल बोललो ते बोलायला नको व्हतं मी,” ते म्हणाले. “माही जीभ झडायला पाहिजे व्हती.”

बाबांनी कोटाच्या बाहीनं समोरची काच पुसली. मग म्हणाले, “मलाबी वाटलं व्हतं की तू गाडी चांगली झाली म्हणशील. पंधरा दिवस लागले व्हते.”

“चांगलीच झाली व्हती. लई चांगली.”

“मंग तेवढं म्हणायचं.”

मी गड्डा अंगठ्यानं परत आत ढकलला. गाडी चालू झाली असती तर हे बोलणं तिथंच थांबलं असतं, आणि अजून अर्धा किलोमीटर बाकी होता. मान वर केली तर काका माझ्या शेजारी उभे. आम्ही एकमेकांकडं बघितलं. माझा अंगठा पिवळा. काकांनी इकडंतिकडं बघितलं, वाकले, आणि आपल्या अंगठ्यानं तो गड्डा आणखी बोटभर आत सारला.

उरलेला रस्ता ते दोघे बोलत होते. मी बाजूनं चालत होते. त्यांचं बोलणं म्हशीचं, गुडघ्याचं, आईच्या हातच्या भाकरीचं. बहुतेक वेळ एकमेकांच्या चुका काढत होते. ढकलणारे घामानं भिजले, पण कुणी कुरकुरलं नाही. फाट्यावर पोचलो तर मुलाची आई पुढं आली आणि माझे हात हातात घेतले. तिला वाटलं, आमच्याकडची रीतच ही. डोळे पुसत म्हणाली की आमच्याकडं गाडीत घालून देतात लेकीला, एवढ्या लांबून हातानं ढकलत कुणी आणत न्हाई. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. अशी सासू मिळत असेल तर मला तिची सून व्हायलाही हरकत नव्हती.

भांडी निघाली, मग नवरी निघाली. लेक माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली की आई, आजोबा बोलले. मी म्हटलं, ऐकलं मी, जा आता. जीप गेली. बँडवाले, ड्रोनवाला, ढकलणारे, सगळे मिळेल त्या गाडीनं पांगले. रस्त्यावर आम्ही तिघे आणि मायनर.

बाबांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि चावी बाहेर काढली. ती दिवसभर तिथंच होती.

मी म्हटलं, तुम्ही तर म्हणालात, गाडी बंद पाडणार नाही. ते म्हणाले, “मी काय बंद पाडलं? चालू केली न्हाई एवढंच.” मग घसा साफ करून म्हणाले की पण गुंडी ओढली तर निदान गुरगुरायला पाहिजे होती, ते काहून गुरगुरली न्हाई ते कळंना. मी बॉनेट उघडलं, प्लास्टिकची पिशवी काढली आणि सीटखालचा पाना घेऊन वायर जोडली. ते बघत राहिले. त्यांनी फक्त नट नीट आवळला का ते तपासलं. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस, अकरा वर्षांनी भावाशी पहिला शब्द बोलला तो खोटा, आणि त्याबद्दल त्याला काही वाटत नव्हतं. मलाही वाटलं नाही.

बाबांनी चावी फिरवली आणि गुंडी ओढली. गाडी गुरगुरली, गुदमरली, आणि मग मागून बंदुकीसारखा बार झाला. काका सवयीनं मागं उभे होते, तळवे डिकीवर टेकवून. गड्डा सुटला तो सरळ त्यांच्या नडगीवर. इंजिन छान एका लयीत चालायला लागलं. काकांनी दोन्ही हातांनी पाय धरला, पण तोंडातून आवाज काढला नाही.

“काय फुटलं?” बाबांनी विचारलं.

काका म्हणाले, काही न्हाई. मीही म्हटलं, काही नाही.

बाबांनी आरशात बघितलं, मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “मागं काहून उभा हायस?” म्हणाले. “चालू झाली ती. बस की.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की काका त्या गाडीत कधी बसलेच नव्हते. एवढ्या वर्षांत, एवढ्या लग्नांत, त्यांची जागा कायम मागं, आणि गाडी निघून गेली की ते धुळीत चालत परत यायचे. टॉवेल-टोपी घेऊन. आम्हाला कुणाला, बाबांनासुद्धा, त्यांना बसवून न्यावं हे सुचलं नव्हतं. काका लंगडत पुढं आले. दार कसं उघडायचं ते त्यांना कळेना, बाबांनी आतून उघडलं. बसले, गुडघे जुळवून, पाहुण्याच्या घरी बसावं तसे. समोर बघितलं, मागं वळून बघितलं, छताला हात लावला.

“मागून लई बारकी दिसती,” ते म्हणाले. “आत बरीच जागा हाय की.”

बाबांनी गियर टाकून गाडी माघारी वळवली. वळून झालं तेव्हा केशरी हात बाहेर आला, आणि गाडी गावाकडं निघून गेली. मला बसवायचं दोघांनाही सुचलं नाही. मी हाकही मारली नाही. रस्त्याच्या कडेला पडलेला गड्डा उचलला, पदराला पुसला. बेण्याचा होता, टाकून कसा द्यायचा. मग दीड किलोमीटर चालत घरी आले.